पाचवं पिंप

सोहारच्या परीक्षा-मैदानात पिंपं उभी असतात,
पांढरी, लाल पट्ट्यांची, पोचे आलेली.
त्यांतल्या एका पोच्यावर माझं नाव लिहायला हरकत नाही.
चार वेळा गाडी मागे घेतली,
चार वेळा तो पत्र्याचा आवाज
आणि उस्ताद खल्फानचा तळहात हवेत:
शुवै, शुवै, मॅडम.
हळू तर मी जन्मापासूनच आहे,
त्यांना काय सांगणार.

घरी निहारचं स्टिअरिंग
इस्त्रीच्या टेबलाला शिकंज्यानं आवळलेलं.
पेडलं फरशीवरून पळतात
म्हणून त्यांच्यामागे वीस किलो बासमतीची गोणी,
गोणीमागे भिंत,
भिंतीपलीकडे एसीचं यंत्र, रात्रभर घरघरणारं.
नवरा बंदरावर, रात्रपाळीला.
निहार म्हणाला, आई, तू बस.
इथे पिंपं नाहीत.

पहिल्या रात्री मी एकशे सोळा वेळा गरगरले.
हिशेबखात्यात अठरा वर्षं काढलीत,
मोजल्याशिवाय झोप येत नाही.
दुसरा गिअर. चाक आत. क्लचला टाचेनं एक लाथ.
मागची चाकं सुटतात,
तेल लावलेल्या परातीत कणकेचा उंडा सरकावा तशी,
आणि मी घट्ट धरते.
तिथेच चुकतं, निहार म्हणतो. तू धरतेस.

मग काय करू?
सोड.
सोड म्हणजे?
सोड म्हणजे सोड. स्टिअरिंग आपलं आपण उलटं फिरेल,
त्याला कळतं कुठे जायचंय.
तू फक्त पुन्हा पकड. वेळेवर.
हे त्यानं नूडल्स खाताना सांगितलं,
तोंड भरलेलं असताना,
म्हणून त्यात काही खोल आहे
असं मी मुद्दामच मानलं नाही.

नाक जिकडे तिकडे बघू नकोस, तो म्हणाला,
जायचंय तिकडे बघ.
म्हणजे बाजूच्या काचेतून.
मी आयुष्यात पहिल्यांदा
पुढे जाताना बाजूला बघत होते
आणि पुढेच जात होते.
एक क्षण. दीड.
मग कठडा, धूर,
धुराला वास नाही, हेच एक चुकल्याचुकल्यासारखं.

ऑफिसात मनगटाला बाम.
शेजारच्या टेबलावरून मिनिमोळ विचारते, क्या हुआ चेची?
पुरणपोळ्या, मी म्हणते. पन्नास केल्या.
खोटं बोलताना आकडा मात्र नीट सांगते.

जुलैतली पाचवी परीक्षा. सकाळी आठलाच
सीट भाकरीच्या तव्यासारखी.
बाहेर वही घेतलेला अधिकारी, बाजूला खल्फान.
पहिलं पिंप गेलं. दुसरं गेलं.
तिसऱ्याशी चाक पूर्ण वळवलं
आणि काय झालं कुणास ठाऊक,
हात आपोआप उघडले.
स्टिअरिंग आपलं आपण फिरलं,
शहाण्यासारखं, सरळ होत गेलं,
आणि सरळ मागे पिंप होतं.

पत्रा वाजला.
खल्फानचा तळहात या वेळी वर गेला नाही.
तो माझ्या मांडीवरच्या दोन रिकाम्या हातांकडे बघत राहिला.
मॅडम, त्यानं विचारलं, हाथ किधर?

मला हसू आलं. मैदानात, सगळ्यांसमोर.
अधिकाऱ्यानं वहीत बहुतेक तेही लिहिलं.

त्या रात्री निहार लवकर झोपला.
मी अनवाणी बसले.
डोंगरातलं ते केसांच्या पिनेसारखं वळण,
नंतर लगेच उलटं दुसरं.
सोडलं. पकडलं. सोडलं.
दोन्ही वळणं आडवीच्या आडवी पार,
मध्ये गाडी एकदाही सरळ झाली नाही.
कुणी पाहिलं नाही.
पुन्हा करून बघितलं तर जमलं नाही,
त्याचा आकडा सांगत नाही.

पहाटे नवरा दारात थबकला: हे काय गं?
गोणीची शिवण उसवली होती,
फरशीभर बासमती,
आणि तांदळात माझ्या टाचेनं ओढलेली
एक लांब, तिरकी कमान,
सुरुवातीला खोल, पुढे विरळ होत गेलेली.

झाडू मीच आणला.
पण जरा उशिरानं.